बाबालाल नदाफ आणि रिकामी ढाबळ

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एप्रिल-मे महिन्यांत रस्त्याने चालणारी माणसे मध्येच थांबतात आणि आभाळाकडे पाहू लागतात. कबुतरांच्या स्पर्धांचा हा काळ. उन्हे तापण्याआधी गच्चीवरच्या ढाबळीतून, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यातून, पाखरे सोडली जातात आणि ती दिवसभर दाणापाण्याशिवाय उडत राहतात. ज्याचे पाखरू अधिक वेळ आभाळात टिकते आणि अंधार पडण्याच्या आत स्वतःच्याच ढाबळीवर येऊन बसते, तो जिंकला. वाटेत दुसऱ्या छपराला, झाडाला किंवा तारेला पाय लागला, की पाखरू बाद. नियम एवढेच आहेत. ते पाळले गेले की नाही, हे सांगणारा माणूस मात्र एकच असतो. त्याला पंच म्हणतात.

पंच गच्चीवर चढला की बाकी सगळ्यांनी खाली उतरायचे, शेजारच्या गच्च्याही मोकळ्या ठेवायच्या, अशी इथली रीत आहे. ढाबळीचा मालकसुद्धा जिन्याच्या तळाशी सतरंजी टाकून बसतो. मोबाइल वर न्यायचा नाही. मालकाच्या घरचे पाणीही पंच घेत नाही. आपली भाकरी आणि आपली बाटली तो बरोबर आणतो. दिवसभर तो, ढाबळ आणि आभाळ, इतकेच तिथे असते. संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी येऊन तो जे सांगेल ते सगळ्यांनी मान्य करायचे.

स्पर्धेची ढाल दिसायला असते. खरा व्यवहार तिच्याभोवती चालतो. पाखरू किती वाजता उतरेल, कोणाचे आधी उतरेल, बाद होईल का, यावर इचलकरंजीपासून गडहिंग्लजपर्यंत मोबाइलवरून पैसा लागतो. त्यात घरे उठलेली आहेत, शेते गेलेली आहेत. अशा खेळात सर्वांचा पैसा लागलेला असताना एक माणूस असा लागतो, की ज्याचा काहीच लागलेला नाही. जुगाराला प्रामाणिकपणा नको असतो, हा आपला गैरसमज आहे. जुगार प्रामाणिकपणावरच उभा असतो. फक्त तो दुसऱ्या कोणाकडे तरी असावा आणि शक्यतो फुकट मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.

पेठेत हे काम गेली कित्येक वर्षे बाबालाल नदाफ करत होते.

बाबालाल यांचे वडील कापूस पिंजून गाद्या भरत. गाद्यांचा धंदा बसल्यावर बाबालाल यांनी मोटारसायकली आणि ट्रकच्या सीटची कव्हरे शिवायला सुरुवात केली. तालमीच्या पलीकडच्या बोळात त्यांचे दुकान आहे: एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गठ्ठे, भिंतीला टांगलेल्या जुन्या सीटा. पाखरांचा नाद लहानपणापासूनचा. तरुणपणी स्वतःची ढाबळ होती. पंच म्हणून पहिल्यांदा बोलावणे आले, तेव्हा त्यांनी आपली पाखरे वाटून टाकली. ज्याला निवाडा करायचा आहे त्याच्या घरात पाखरू असू नये, असे त्यांना वाटले. तसे कोणी त्यांना सांगितले नव्हते. पंच झाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचे पाखरू चिंचेच्या फांदीला टेकले म्हणून बाद केले. मेव्हणा त्यानंतर बरीच वर्षे घरी आला नाही. बायको मेहमुदा महिनाभर कमी बोलल्या. पेठेत मात्र त्या दिवसापासून 'बाबालालचाचा म्हणाले' एवढे सांगितले, की वाद मिटू लागला.

या कामाचा मोबदला म्हणजे वर्षाकाठी एक फेटा आणि नारळ. लग्नाच्या पंगतीत त्यांना पुढे बसवत, शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या हातून आरती करवत. ज्या समाजात माणसाची किंमत त्याच्या जमिनीवरून, गाडीवरून आणि जातीवरून ठरते, तिथे सीट शिवणाऱ्या एका नदाफाला केवळ त्याच्या शब्दावरून मान मिळत होता. बाबालाल यांना याची जाणीव होती. आपल्याकडे दुसरे काही नाही, हेही त्यांना कळत होते.

त्यांचा मुलगा खिजर माल वाहतुकीचा छोटा टेम्पो चालवत असे. घर मुख्यतः त्यावर चालायचे, कारण तयार कव्हरे बाजारात आल्यापासून शिलाईचे काम घटले होते. खिजर पाखरांच्या वाटेला कधी गेला नाही. त्याने मोबाइलवरचा क्रिकेटचा जुगार धरला. सुरुवातीला जिंकला, मग हरला, मग हरलेले भरून काढण्यासाठी खेळू लागला. पैजांचे पैसे घेणारा सम्राट हा पेठेतलाच, चांगल्या कपड्यांतला, सर्वांना नावाने हाक मारणारा माणूस. एक दिवस त्याने टेम्पोची किल्ली मागून घेतली. तेव्हापासून टेम्पो रंकाळ्याच्या बाजूला सम्राटच्या आवारात ताडपत्रीखाली उभा होता, आणि खिजर सकाळी उठून कुठे जायचे हे न कळल्यामुळे उंबऱ्यावर बसून राही.

बाबालाल सम्राटकडे गेले. तो चहाच्या गाड्यावर उभा होता. त्याने आधी चहा सांगितला.

"चाचा, पोरगं तुमचं गुणाचं हाय. फकस्त त्याला हरायला येत न्हाय."

"गाडी कवा सोडतोस ते सांग."

"आत्ता सोडतो की. येत्या ऐतवारी जोतीरामच्या ढाबळीवर तुमीच हाय न्हवं? एक शब्द मागं-पुढं करायचा. पाखरू बोलत न्हाय, मी बोलत न्हाय. तुमचं काय जातंय?"

"माझ्याकडं तेवढंच हाय, सम्राट. ते गेल्यावर तूबी मला इचारणार न्हाईस."

सम्राट हसला. "बघा. गाडी कुठं पळून जात न्हाय. टायरातली हवा तेवढी जाईल."

त्या रविवारी बाबालाल यांनी जोतीरामच्या गच्चीवरून खरे तेच सांगितले. टेम्पो तिथेच राहिला. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. सांगितली ती एका परक्या माणसाला, आणि पुढचे सगळे तिथून सुरू झाले.

हा माणूस म्हणजे यशराज. पेठेतले मोठे कबुतरवाले विजयसिंह यांचा तो पुतण्या. पुण्यात चित्रपटाचे शिक्षण घेऊन आलेला आणि पहिला चित्रपट कोल्हापुरातच करायचा, या जिद्दीचा. विषय पाखरांवरचा जुगार. तो पंधरा-वीस दिवस दुकानात येऊन बसला, प्रश्न विचारत राहिला, आणि बाबालाल यांना इतक्या आस्थेने ऐकणारा माणूस पूर्वी भेटला नव्हता. सम्राटचे नाव न घेता त्यांनी त्याला घडले ते सांगितले.

काही आठवड्यांनी यशराज कागदांचा गठ्ठा घेऊन आला.

"चाचा, तुमचीच गोष्ट घेतलीय. शेवट तेवढा बदललाय."

"काय बदललाय?"

"पंच शब्द फिरवतो. पोरासाठी."

बाबालाल यांनी मशीन थांबवले. "पर मी फिरवला न्हाय की."

"म्हणून तर तुम्ही थोर. पण थोर माणसाचा पिक्चर कोण बघणार, सांगा? माणूस मोडताना दिसला की लोकांना तो आपल्यातला वाटतो."

"म्हंजे मी तुमच्यातला न्हाय व्हय?"

यशराज मोकळेपणी हसला आणि त्याने पुढचे सांगितले. पंचाच्या भूमिकेसाठी मुंबईहून आणलेला नट आभाळाकडे बघताना डोळ्यांवर हात धरत होता, पाखरू नसलेल्या दिशेला बघत होता. ते खोटे दिसत होते. भूमिका बाबालाल यांनीच करावी. मानधन म्हणून त्याने जो आकडा सांगितला, त्यात टेम्पो सुटत होता.

यशराजच्या मनात वाईट काही नव्हते. त्याच्या पिढीला असे शिकवले गेले आहे, की पतन हेच माणसाचे सत्य आणि टिकून राहणे हा केवळ देखावा. ही शिकवण सुशिक्षितांना सोयीची आहे, कारण तिच्यामुळे कोणापुढेच मान खाली घालावी लागत नाही. बाबालाल यांना हे असे शब्दांत मांडता आले नसते. आपण जे केले नाही ते करण्यासाठी पैसे मिळत आहेत, आणि जे केले त्याचे कधी मिळाले नाहीत, एवढेच त्यांच्या लक्षात आले.

घरी त्यांनी विषय काढला, तेव्हा खिजर उंबऱ्यावरून उठून आत आला.

"अब्बा, त्यो पिक्चर हाय. पिक्चरात माणूस मरतोय, तवा खरंच मरतोय का?"

"मेल्यालं माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात दिसतंय, म्हणून लोकांस्नी कळतंय. माझा शब्द कुठं दिसायचा बाजारात?"

 मेहमुदा भाकरी थापत होत्या. त्या मान न वळवता म्हणाल्या, "पोरगं दिसभर घरात बसतंय, ते मला दिसतंय." बाबालाल यांनी दुसऱ्या दिवशी यशराजला होकार कळवला.

चित्रीकरण विजयसिंहांच्या गच्चीवर झाले. आजूबाजूच्या गच्च्या बघ्यांनी भरल्या होत्या. प्रसंग साधा होता: पाखरू ढाबळीवर येऊन बसते, पंच ते बघतो, जिन्यापाशी येतो आणि खाली बसलेल्यांना सांगतो, 'न्हाय बसलं.'

पाखरू शिकवलेले होते. ते बरोबर येऊन बसले. बाबालाल जिन्यापाशी आले आणि म्हणाले, "बसलं."

"चाचा, 'न्हाय' म्हणायचंय," यशराज म्हणाला.

पुन्हा पाखरू सोडले, पुन्हा बसले. बाबालाल यांनी ओठ हलवले, पण आवाज फुटला नाही. तिसऱ्या खेपेस पुन्हा स्पष्ट "बसलं" निघाले. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडले, "चाचा, पैसे परत द्या आता!" आणि सगळीकडे हशा पिकला. बाबालाल घामाघूम झाले होते. "तोंडातनं येत न्हाय," ते म्हणाले. "मी काय मुद्दाम करंना." यशराजच्या सहायक मुलीने त्यांना पाणी दिले. मालकाच्या गच्चीवर पाणी घ्यायचे नसते, म्हणून त्यांनी ते नुसते हातात धरून ठेवले.

यशराजने काकांशी काही बोलणे केले. विजयसिंहांनी स्वतः ढाबळीतली पाखरे करंड्यांत भरून खाली नेली. यशराजने बाबालाल यांना ढाबळीसमोर उभे केले.

"आता बघा, चाचा. आत-बाहेर काही नाही. पाखरू बसलंय का?"

"न्हाय."

"मग तेच सांगा. जिन्यापाशी येऊन, जोरात. खोटं बोलायला मी लावतच नाही तुम्हाला."

बाबालाल यांनी रिकाम्या ढाबळीकडे बराच वेळ पाहिले. मग ते चालत आले आणि म्हणाले, "न्हाय बसलं."

एका झटक्यात झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "पाखराचे शॉट उद्या वेगळे घेऊन टाकू," असे यशराज कोणाला तरी म्हणाला. बाबालाल यांनी ते ऐकले, पण त्यांना त्यात काही जाणवले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मेहमुदांना समाधानाने सांगितले, "खोटं बोललो न्हाय. ढाबळ मोकळीच हुती."

त्यांची चूक इथे झाली. ज्या वस्तूविषयी शब्द उच्चारला त्या वस्तूलाच तो चिकटून राहतो, असे ते धरून चालले होते. गच्चीवर बसून त्यांनी जो निवाडा आयुष्यभर केला, तो याच समजुतीवर. पाखरू, क्षण आणि शब्द यांची ताटातूट होऊ शकते, आणि खरा शब्द उचलून दुसऱ्याच क्षणाला जोडला की त्याचे पूर्ण असत्य बनते, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

टेम्पो घरी आला. खिजरने तो धुतला, टायर बदलले आणि गडमुडशिंगीच्या बाजूची भाडी घेऊ लागला. काही महिने घर बरे चालले. खिजरने जुना मोबाइल विकून साधा घेतला आणि तो रोज रात्री आईच्या हातात देऊ लागला.

चित्रपटाची झलक आली, ती खिजरनेच मित्राच्या मोबाइलवर आणून दाखवली. आभाळातून पाखरू खाली येते. पंख मिटून ढाबळीवर बसते. त्याचा डोळा जवळून दिसतो. मग बाबालाल यांचा चेहरा, कपाळावर घाम. ते जिन्यापाशी येतात. 'न्हाय बसलं.' त्यावर ढोलाचा एक ठोका.

बाबालाल यांनी ते दोनदा पाहिले. "हे मी कवा म्हटलं?"

"तुमीच म्हटलाय की, अब्बा. आवाज तुमचाच हाय."

"पर तवा पाखरू न्हवतं."

"पिक्चरात हाय," खिजर म्हणाला आणि मोबाइल खिशात ठेवला.

सुरुवातीला सगळा कौतुकाचाच मामला होता. "चाचा, एक नंबर काम केलंय!" असे लोक थांबून सांगत. तालमीसमोरची पोरे त्यांना बघून "न्हाय बसलं!" असे ओरडत आणि नमस्कार करत. बाबालाल यांना मात्र हा शब्द आपल्याच आवाजात दिवसातून कितीदा तरी ऐकावा लागे. ते यशराजकडे गेले. ढाबळ रिकामी होती, एवढे तरी कुठे लिहा, असे म्हणाले.

"चाचा, सुरुवातीलाच पाटी असते ना. सगळी पात्रं काल्पनिक आहेत म्हणून."

"पर मी काल्पनिक न्हाय. माझं दुकान हाय हितं."

यशराजला वाईट वाटले; त्याने तसे बोलूनही दाखवले. चित्रपट मात्र त्याच्या एकट्याच्या हातात राहिलेला नव्हता.

मे महिन्याच्या अखेरीस विजयसिंह आणि जोतीराम यांच्यात मोठी स्पर्धा लागली. जोतीरामचा ट्रकचा धंदा. दोघांचे जुने वैर, म्हणून बाहेरचा पैसाही नेहमीपेक्षा अधिक लागलेला. विजयसिंहांच्या गच्चीवर पंच म्हणून बाबालाल यांचेच नाव दोन्ही बाजूंनी आले. तिथे दुसरे नाव कोणाला सुचले नाही, इतकी ती सवय झाली होती. जिना चढताना विजयसिंह हसून म्हणाले, "चाचा, पिक्चरातल्यागत करू नका म्हंजे झालं."

"माझं काम मला ठावं हाय," बाबालाल म्हणाले.

दिवस कोरडा आणि कडक होता. दुपार कलल्यावर जोतीरामचे शेवटचे पाखरू उतरल्याचा निरोप जिन्याखाली आला. विजयसिंहांचे एक पाखरू अजून वर होते. आता त्याने अंधार पडण्याआधी घरी येऊन बसणे एवढेच उरले होते. खाली आनंदाचा गलका सुरू झाला, कोणीतरी पेढे आणायला पळाले.

सूर्य टेकला तसे पाखरू खाली येऊ लागले. थकलेले होते, पंख पडत होते. ढाबळीच्या रोखाने येताना दोन कावळे आडवे आले. पाखरू तिरके झाले, शेजारच्या घरावरच्या काळ्या पाण्याच्या टाकीच्या काठावर त्याचा एक पाय टेकला, त्याने रेटा दिला, पुन्हा उचलले आणि ढाबळीवर येऊन बसले.

खाली कोणाला काहीच दिसलेले नव्हते. बाबालाल गच्चीवर एकटे उभे होते. पाखरू ढाबळीवर चोच उघडून धापा टाकत होते. ते 'बसलं' म्हणाले असते, तर मालक खूश झाले असते, पेढे वाटले गेले असते, आणि ती झलक म्हणजे नुसता खेळ होता हेही त्यासरशी सिद्ध झाले असते. खोटे बोलून त्यांची सचोटी परत मिळत होती. खरे बोलले, तर विकला गेलेला पंच ठरण्याची जवळजवळ खात्री होती. त्या गच्चीवरून उतरायला जिना एकच होता आणि तो सरळ माणसांच्या मधोमध जात होता.  बाबालाल जिन्याच्या तोंडाशी आले.

"बाद," ते म्हणाले. "शेजारच्या टाकीला पाय लागला."

 विजयसिंह सतरंजीवरून उठले.

"कुठल्या टाकीला?"

"काळ्या. पाटलांच्या."

"किती वेळ?"

"टेकला न् उचलला. टेकला हे खरं."

"दुसऱ्या कुणी बघितलं?"

"वर दुसरं कोण असतंय, विजयसिंहराव?"

गर्दीतून एका तरुणाने मोबाइल वर धरला. त्यातून ढोलाचा ठोका आणि बाबालाल यांचा आवाज आला. "ह्यो बघा! ह्येनं सगळ्यांसमोर दाखवलंय, पंच कसा फिरतोय त्ये!" "जोतीरामनं किती दिलं, चाचा?" "गाडी सुटली न्हवं पोराची? कशी सुटली?" असे आवाज एकात एक मिसळू लागले.

बाबालाल विजयसिंहांकडे वळले. "त्या दिशी ढाबळ मोकळी हुती. तुमीच करंड्यांतनं पाखरं खाली नेलीती. तुमी सांगा ह्यास्नी."

विजयसिंहांनी क्षणभर जमिनीकडे पाहिले. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते, आणि खोटे बोललेही नाहीत. "मोकळी हुती," ते म्हणाले. "पण मोकळी असू दे न्हाय तर भरल्याली, 'न्हाय' म्हणायचं तुमी पैसं घेतलं का न्हाय?"

"घेतलं."

"मग झालं की."

प्रश्नात चुकीचे काही नव्हते.

रीतीप्रमाणे निवाडा कायम राहिला. ढाल जोतीरामकडे गेली. ज्यांनी जोतीरामच्या पाखरावर पैसे लावले होते, त्यांनी ते उचलले. त्यांच्यापैकी एकानेही बाबालाल यांना खोटे म्हटले नाही. मात्र रस्त्यात भेटले, की ते डोळ्याने खूण करत आणि पुढे जात. हरलेल्यांच्या शिव्यांपेक्षा ही खूण बाबालाल यांना अधिक लागली. शिवी देणाऱ्याला निदान राग तरी आलेला होता.

दोन-तीन दिवसांनी दुकानासमोर ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, "जोतीरामअण्णांनी धाडलंय. केबिनच्या सगळ्या सीटा करायच्या. ही गाडी झाली की दुसरी येती. आमच्या सगळ्याच गाड्यांचं काम आता तुमच्याकडंच."

"अण्णांनी कशापायी धाडलं?"

ड्रायव्हर गोंधळला. "सीटा फाटल्यात की."

"आजवर दुसरीकडं शिवायचासा."

"मला काय म्हाईत, चाचा? तुमी खूश झाला न्हाईसा व्हय?"

बोळाच्या तोंडाशी दोघे-चौघे थांबून बघत होते. बाबालाल यांनी काम घेतले असते, तर लाच हप्त्याने पोहोचते आहे असे ते म्हणाले असते. बाबालाल यांनी ट्रक परत पाठवला. तेव्हा त्यांच्यातला एकजण इतक्या जोरात म्हणाला, की ते दुकानात ऐकू यावे: "कमी पडलं असंल."

कबुतरवाल्यांच्या मंडळाची पुढच्या आठवड्यात बैठक झाली. प्रत्येक ढाबळीवर यापुढे कॅमेरा बसवायचा असे ठरले. बाबालाल यांच्याविरुद्ध कोणी ठराव केला नाही. त्यांचे नावही निघाले नाही. आधुनिक व्हायला हवे, एवढेच सगळे म्हणाले. ज्याने कॅमेऱ्यामुळे आपला शब्द गमावला, त्याच्या जागी कॅमेराच आला, आणि यात कोणाला काही विचित्र वाटले नाही. विश्वास ही वस्तू एकदा हाताबाहेर गेली, की तिच्याविषयी माणसे बोलत नाहीत. ती यंत्र विकत आणतात.

त्या दिवशी दुपारी बाबालाल जेवायला घरी आले. खिजर भाड्यावर गेला होता. मेहमुदांनी ताट वाढले आणि समोर बसल्या.

"ट्रक परत धाडलासा म्हणं."

"व्हय."

"का?"

"लोक म्हणतील."

"लोक म्हणतच हायती. काम घेतलं असतं तरी म्हटलं असतं, न्हाय घेतलं तरी म्हणत्यात. मग शिलाईचं पैसं का सोडायचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "चोरी केली असती तर मी म्हटलं असतं, नको. न्हाय केली न्हवं?"

बाबालाल यांनी घास खाली ठेवला. मेहमुदा त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी अगदी हळू विचारले, "खरंच टेकलं हुतं का टाकीला?"

बाहेरून कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न आला आणि गेला. बाबालाल यांनी पाण्याचा तांब्या सरळ केला. आपल्याला राग येईल असे त्यांना वाटले होते. तो आला नाही. मेहमुदांच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. त्या नुसत्या विचारत होत्या, आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

मग ते सांगू लागले. कावळे कुठल्या बाजूने आले. ऊन कुठे होते आणि टाकीची सावली कुठपर्यंत पडली होती. पाखराचा उजवा पाय होता की डावा. टाकीच्या काठावरची धूळ उडाली ती कशी दिसली. सांगताना त्यांनी ताटाची कड टाकी धरली आणि भाकरीचा तुकडा पाखरू म्हणून तिच्यावरून नेला. मध्येच थांबून त्यांनी तो तुकडा मागे घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून, अधिक सावकाश, नेऊन दाखवला.

मेहमुदांनी सगळे ऐकून घेतले. "बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ताटात आमटी वाढली.

बाबालाल यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. भाकरीचा तुकडा अजून हातातच होता. "आनी सांगू का?" त्यांनी विचारले.